बेळगावात राहून मुलांच्या दीर्घकालीन वाढीवर संशोधन करता येईल का?

खानापूर तालुक्यातल्या एका तरुण डॉक्टरचा प्रश्न आहे. त्या बालरोगात एमडीच्या पहिल्या वर्षाला आहेत. मुलांच्या दीर्घकालीन आरोग्यावर आणि विकासावर संशोधन करायचं त्यांच्या मनात आहे. घरचे म्हणतात, क्लिनिक घाल. सीनिअर म्हणतात, पुण्याला नाहीतर बेंगळुरूला जा, इथे काय आहे? इथे राहून हे करिअर होईल का, त्यासाठी काय शिकावं लागतं आणि पोट भरतं का, असं त्यांनी विचारलंय.

होईल. काही बाबतींत तर पुण्या-बेंगळुरूपेक्षा इथेच चांगलं होईल. मात्र प्रयोगशाळा, जनुकं, आकडेवारीचे ढीग असं काही चित्र तुमच्या डोळ्यांसमोर असेल, तर ते जरा बाजूला ठेवा. ते सगळं पैसे मोजले की करून मिळतं. आज नोंदवलेलं मूल दहा वर्षांनी पुन्हा तुमच्यासमोर येऊन उभं राहणं, हे मात्र पैशांनी होत नाही. या क्षेत्रातलं नाव आणि काम दोन्ही त्यावर ठरतं.

ओपीडीत एखादं मूल पुन्हा आलं नाही, तर ते बरं झालं असं आपण धरून चालतो. फार तर दुसऱ्या डॉक्टरकडे गेलं असेल. कोहॉर्टमध्ये तसं चालत नाही. ठरावीक काळात जन्मलेली मुलं धरायची आणि त्याच मुलांना वर्षानुवर्षं तपासत राहायचं, असं हे काम आहे. त्यात न आलेलं मूल हीच सगळ्यात मोठी डोकेदुखी. समजा तुम्ही 500 बाळं नोंदवली आणि दरवर्षी शेकडा 5 सुटली. ऐकायला किरकोळ वाटतं. दहा वर्षांनी तुमच्या हाती जेमतेम 300 उरतात. आणि सुटलेली 200 काही चिठ्ठ्या टाकून सुटलेली नसतात. ऊसतोडीला गेलेल्या घरातली, बाप परागंदा झालेली, आई वारल्यावर आजोळी ठेवलेली, अशीच मुलं आधी सुटतात. ज्यांच्या वाढीचे हाल सगळ्यात जास्त, नेमकी तीच गाळून मग आपण पेपरात लिहितो की एकंदरीत मुलं ठीक आहेत. संख्याशास्त्रवाले नंतर थोडीफार डागडुजी करून देतात, पण जे मूल आलंच नाही त्याची उंची त्यांनाही सांगता येत नाही.

जमैकाचा अभ्यास तुम्ही वाचला नसेल तर आधी तो वाचा. किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांत 1986-87 मध्ये वाढ खुंटलेली 129 मुलं घेतली होती, वय 9 ते 24 महिने. काहींना पूरक आहार दिला. काहींच्या घरी आरोग्यसेविका आठवड्यातून एकदा जाऊन मुलाशी कसं खेळायचं, कसं बोलायचं हे आईला दाखवायची. काहींना दोन्ही मिळालं, काहींना काहीच नाही. हे दोन वर्षं चाललं. वीस वर्षांनी त्यातले 105 जण शोधून काढले, देश सोडून गेलेलेसुद्धा. खेळाच्या भेटी मिळालेल्यांची कमाई 25 टक्क्यांनी जास्त निघाली. 2014 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात ते छापून आलं आणि जगभरच्या सरकारांनी ते उचललं. 129 मुलं म्हणजे किती? आपल्याकडच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीत तीन-चार महिन्यांत तेवढी बाळंतपणं होतात. एवढ्याशा नमुन्यावर हे उभं राहिलं, कारण माणसं सापडली.

आता आपल्या भागाकडे या. इथे मूल हरवायला दोन राज्यं आहेत.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. खानापूरची सून चंदगडची, निपाणीची कागल-गडहिंग्लजकडची, अथणीची जतची. ओटी भरली की ती सीमेपलीकडे जाते. सासरी काढलेलं तायी कार्ड, म्हणजे आई-बाळाच्या नोंदीचं कार्ड, कर्नाटकाचं. माहेरची आशा तिला महाराष्ट्राचं माता-बाल संरक्षण कार्ड करून देते. बाळाचं पहिलं वजन तिकडच्या काट्यावर होतं, बीसीजी आणि सहा आठवड्यांचा डोस तिकडेच. चौदा आठवड्यांच्या डोसाला ती कधी इकडे असते, कधी तिकडे. दोन्हीकडच्या नोंदी आपापल्या जागी बरोबर असतात, पण एकमेकींना ओळखत नाहीत.

त्यात नावांचा घोळ. माहेरच्या कार्डावर तिचं माहेरचं नाव आणि वडिलांचं आडनाव असतं. सासरच्या कार्डावर लग्नात बदललेलं नाव. बारसं व्हायचं असतं, म्हणून बाळाच्या जागी नुसतं ‘अमकीचं बाळ’. मोबाइल नंबर नवऱ्याचा, नवरा गोव्यात कामाला आणि तिथे गेल्यावर त्याने सिम बदललेलं. संगणकाच्या लेखी या दोन वेगळ्या बाया आणि दोन वेगळी बाळं. म्हणून आमच्या नोंदणीच्या फॉर्मवर काही रकाने सक्तीचे केले आहेत: आईची दोन्ही घरची नावं, मामाचा नंबर, आजोळच्या आशाचा नंबर आणि सासरच्या गावातल्या दूध डेअरीवाल्याचा किंवा किराणा दुकानदाराचा नंबर. नवरा सिम बदलतो, मामा सहसा बदलत नाही. आणि डेअरीवाल्याकडे सकाळ-संध्याकाळ सगळ्या घरांतून कुणी ना कुणी किटली घेऊन येतं. कोणतं घर कुठे गेलं, कधी परतणार, हे त्याच्याइतकं तलाठ्यालाही ठाऊक नसतं. माझ्या मते फॉलो-अप हाताळायला संशोधकापेक्षा गावातली चांगली फील्ड वर्कर जास्त कामाची. तिला वेळेवर पगार मिळतो की नाही हे बघणं हा तुमच्या वैज्ञानिक कामाचाच भाग समजा. फील्ड वर्कर वर्षात तीनदा बदलली तर ते गाव हातचं गेलं असं धरा.

तपासणीचं वेळापत्रकही इथल्या वर्षावर बसवावं लागतं. दिवाळी झाली की ऊसतोडीची घरं निघतात ती मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. चिकोडी-रायबागकडचे मेंढपाळ धनगर कळपाबरोबर फिरतीवर असतात. एखाद्याची वर्षाची तपासणी जानेवारीत येत असेल, तर कारखान्याचा पत्ता काढून फडावरच जायचं. काटा, पट्टी, खेळण्यांची पेटी सगळं घेऊन. तिथल्या खोपीत सपाट जमीन सापडणं हेच मोठं काम असतं. पावसाळ्यात खानापूरच्या जंगलपट्ट्यात, कणकुंबीच्या बाजूला, उलटी गत. माणसं घरात असतात, पण तुम्हाला तिथवर पोचता येत नाही.

आई-आजीकडून जुनी माहिती काढतानाही हेच वर्ष कामाला येतं. ‘बाळ कितव्या महिन्यात चालायला लागलं?’ असं विचारलं तर उत्तर मिळतं, ‘वेळेवर चाललं की!’ त्यापेक्षा चिंचलीच्या मायाक्काची जत्रा, सौंदत्तीची यल्लम्मा, गावची लक्ष्मी, गणपती, कारखान्याचा बॉयलर पेटला तो दिवस, अशी त्या गावची यादी आधी करून घ्या. ‘मायाक्काला नेलं तेव्हा कडेवर होता का चालत होता?’ असं विचारलं की आजीला लगेच आठवतं. ‘कडेवर कसला, पाळण्यापाशी पळत गेलता.’ जत्रा माघात, जन्मतारीख कार्डावर, महिने तुम्ही मोजा.

मोजमाप. इथे तुम्हाला थोडं रटाळ वाटेल, पण बहुतेक अभ्यास इथेच मार खातात. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी आडवं ठेवून मोजायची, त्यापुढे उंची उभं करून. एकाच मुलाची आडवी लांबी उभ्या उंचीपेक्षा सुमारे 0.7 सेंटिमीटरने जास्त भरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या (डब्ल्यूएचओ) तक्त्यात दोन वर्षांच्या मुलग्याची मध्यम लांबी 87.8 सेंटिमीटर आणि उंची 87.1, ती याचमुळे. त्या वयात एक प्रमाण विचलन, म्हणजे मुलं मध्यापासून किती पसरलेली असतात ते सांगणारं माप, साधारण तीन सेंटिमीटरचं. म्हणजे एक सेंटिमीटर इकडेतिकडे झालं की मूल तक्त्यावर एका विचलनाच्या तिसऱ्या हिश्श्याने सरकलं. खुंटलेल्या वाढीची रेषा उणे दोनवर, म्हणजे मध्यापासून दोन विचलनं खाली असते. त्या रेषेच्या आसपास आपली ढीगभर मुलं उभी आहेत. सगळं काम तिथेच बिघडतं.

आणि मोजताना होतं काय? लांबीच्या पाटावर बाळ ठेवायला दोन माणसं लागतात. एकीने डोकं पाटाच्या वरच्या फळीला टेकवून धरायचं, नजर सरळ वर. दुसरीने गुडघे हलकेच दाबून पाय सरळ करायचे आणि सरकती फळी तळव्यांना भिडवायची. बाळ कमान टाकतं, एक पाय आखडतं, किंचाळतं. आजी उठते, ‘सोडा की त्याला, मोजून काय सोन्याचा होणार हाय का!’ घाईत डोकं फळीपासून सुटतं आणि आकडा जास्त येतो, पाय आखडलेला राहिला तर कमी. म्हणून दोघींनी वेगवेगळं मोजायचं, एकीने दुसरीचा आकडा बघायचा नाही, फरक ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला तर पुन्हा मोजायचं. काटा दररोज सकाळी ठरलेल्या वजनाने तपासायचा. हे पाठ झालेलं नसेल तर पुढच्या जनुकांच्या गोष्टी कृपया करू नका.

अंगणवाडीच्या वहीवर मात्र डोळे झाकून विसंबू नका. त्या वहीत एखादं मूल दर महिन्याला बरोबर 200 ग्रॅमने वाढत गेलेलं दिसलं, तर काटा कपाटातून बाहेर आलाच नव्हता असं समजायचं. खरं मूल असं वाढत नाही. तापात घटतं, आंब्याच्या दिवसांत भरतं.

विकासाची चाचणी याहून नाजूक. त्यासाठी बेली स्केल आहे, भारतीय बाळांसाठी बसवलेली डासी आहे. झटपट चाळणीला तिरुअनंतपुरमचा टीडीएससी तक्ता आहे, दोन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठी अवघ्या 17 बाबींचा. पहिल्या दोन्हींना प्रशिक्षण लागतं आणि बेलीचा संच महाग पडतो. पण आपल्या भागातला खरा पेच भाषेचा. अथणीकडचं मूल आजीशी मराठीत बोलतं, शेजारच्या पोरांशी कन्नडमध्ये, अंगणवाडीत गाणी कन्नड. निपाणीच्या काही घरांत तिसरी भाषा उर्दू. आई घेऊन येते, ‘पोरगं बोलत न्हाई बघा मॅडम.’ मराठीतून तपासलं तर शब्द कमी भरतात, कन्नडमधून तपासलं तरी कमीच. दोन्ही धरून मोजलं तर वयाला शोभतील इतके निघतात. मोजायची पद्धत ठरलेली आहे. ‘पाणी’ आणि ‘नीरु’ दोन्ही म्हणत असेल तर कल्पना एकच धरायची. ‘चेंडू’ फक्त मराठीत आणि ‘हालु’ फक्त कन्नडमध्ये म्हणत असेल तर दोन धरायच्या. त्यासाठी चाचणी घेणारीला दोन्ही भाषा घरच्यासारख्या यायला हव्यात. अशा मुली पुण्यात मिळणार नाहीत, बेंगळुरूतही क्वचित. बेळगावात एका जाहिरातीला वीस जणी येतात. बाहेरगावच्या संस्थेने इथे अभ्यास करायचा म्हटला तर तिला आपलीच माणसं घ्यावी लागतात, ती याचसाठी.

थोडं विषयांतर करते. दोन भाषांमुळे मूल बोलायला मागे पडतं, म्हणून घरात एकच भाषा बोला, असं सांगणारे डॉक्टर अजून आहेत. त्याला आधार नाही. न बोलणाऱ्या मुलाचे आधी कान तपासा. कान राहून जातात आणि वर्ष-दोन वर्षं आईला ‘मोबाइल बंद करा’ एवढंच ऐकवलं जातं. मोबाइल बंद करावाच, पण कान तपासून मग.

‘इथे काय आहे’ असं विचारणाऱ्या सीनिअरला थोडा इतिहास सांगा. बेळगावचं जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज 1963 चं. अमेरिकेतल्या एनआयसीएचडी या संस्थेचं माता-बालकांच्या आरोग्यावरचं जे ग्लोबल नेटवर्क आहे, त्यात या कॉलेजचं संशोधन केंद्र गेल्या दोन दशकांहून जास्त काळ काम करतंय. 2006 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेला, बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखणाऱ्या मिसोप्रोस्टॉल गोळीचा अभ्यास बेळगाव जिल्ह्याच्या खेड्यांतला. 1,620 बायका, गोळी देणाऱ्या आपल्या उपकेंद्रातल्या एएनएम सिस्टर. बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव 12 टक्क्यांवरून 6.4 टक्क्यांवर आला. पुढे 2011 मध्ये डब्ल्यूएचओने या कामासाठी ते औषध अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातलं. पहिलटकरणींना कमी मात्रेची ॲस्पिरिन देऊन अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं कमी होतात का, हे पाहणारा सहा देशांतल्या 11,976 बायकांचा अभ्यास 2020 मध्ये आला. त्यातही बेळगाव होतं आणि नागपूरही. त्या अभ्यासात अशा बाळंतपणांचं प्रमाण 13.1 वरून 11.6 टक्क्यांवर आलं.

तुमच्या विषयाला सगळ्यात जवळचा आहे तो ब्रेन-हिट नावाचा अभ्यास. जन्मल्यावर श्वास न घेतलेली, बॅग-मास्कने श्वास देऊन वाचवलेली बाळं आणि त्यांच्या बरोबरीची धडधाकट बाळं, बेळगावची, पाकिस्तानातली आणि झांबियातली. एका गटाच्या घरी प्रशिक्षित बाई पंधरवड्याला जाऊन आई-बाळाला वयाजोगते खेळ दाखवायची, बाळ तीन वर्षांचं होईपर्यंत. दुसऱ्या गटाच्या घरीही भेटी होत्याच, पण आरोग्य आणि सुरक्षिततेच्या सल्ल्यापुरत्या. ही आखणी मला फार आवडते. त्यामुळे ‘घरी कुणी तरी आलं म्हणून फरक पडला’ असं म्हणायला जागाच उरत नाही. 36 महिन्यांच्या चाचणीत खेळ मिळालेली मुलं पुढे होती, आणि जन्मतः काहीच त्रास नव्हता त्यांनाही फायदा झाला होता. आता नुसता हिशोब करा. ती मुलं आज कुठल्या वर्गात असतील? त्यांचं गणित कसं आहे, रक्तदाब कसा आहे? अशा मुलांपर्यंत पुन्हा पोचण्याची रीतसर परवानगी आणि निधी कसा मिळवायचा, हे शिकलात तर अख्खं करिअर त्यावर उभं राहू शकतं.

आपल्याच राज्यात म्हैसूरचं होल्ड्सवर्थ रुग्णालय आहे. तिथल्या जन्मनोंदी 1934 पासूनच्या. त्या जपलेल्या होत्या, म्हणून कमी वजनाने जन्मलेली बाळं मोठेपणी कशी आहेत हे बघता आलं. मग 1997-98 मध्ये गरोदर बायकांपासून सुरू केलेला पार्थेनॉन अभ्यास तिथेच उभा राहिला. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 मध्ये सहा खेड्यांत काम सुरू केलं. तिथली बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची 3.5 किलोची. पण वजन एवढं कमी असूनही अंगातली चरबी त्या मानाने टिकून होती, कमी होते ते स्नायू. बारीक दिसणाऱ्या आपल्या माणसांना मधुमेह इतका का होतो, याची सुरुवात तिथे दिसली. काम सुरू झालं 1993 मध्ये, तो पेपर आला 2003 मध्ये. थेसिसचा पेपर सहा महिन्यांत आला नाही म्हणून रडवेल्या होणाऱ्या रेसिडेंटना मी एवढ्या दोन तारखा सांगते.

या सगळ्याच्या आधीचं हर्टफर्डशायर तर प्रसिद्धच आहे. 1911 पासून एथेल मार्गारेट बर्नसाइड यांच्या हाताखालच्या परिचारिका प्रत्येक बाळाचं जन्माचं आणि वर्षाचं वजन वहीत लिहीत होत्या. डेव्हिड बार्कर यांनी 1989 मध्ये त्या वह्यांतल्या 5,654 पुरुषांचं पुढे काय झालं ते मांडलं. वर्षाला वजन कमी असलेल्यांत हृदयविकाराने मृत्यू जास्त निघाले. त्या परिचारिकांना हृदयविकाराचं काहीच शोधायचं नव्हतं. त्या फक्त काटा बाहेर काढत होत्या आणि दिसलेला आकडा लिहीत होत्या.

काय शिकायचं? पहिलं, कन्नड वाचायला. तुम्ही खानापूरच्या आहात, बोलता येत असेल, पण तेवढ्याने भागत नाही. अंगणवाडीच्या, उपकेंद्राच्या वह्या कन्नडमध्ये असतात आणि जोडाक्षरात गोंधळ झाला की गावच बदलतं. ज्यांना भाषेवरून वाद घालायचे आहेत त्यांनी घालावेत. आपल्याला वही वाचायची आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (एनएफएचएस-5) वाढ खुंटलेल्या पाच वर्षांखालच्या मुलांचं प्रमाण कर्नाटकात 35.4 टक्के आणि महाराष्ट्रात 35.2 टक्के आहे. एवढ्यावरून कुणी कुणाला नावं ठेवायची गरज नाही.

दुसरं, साथरोगशास्त्र आणि संख्याशास्त्र. एमडीनंतर एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी, केलीत तर उत्तम. चेन्नईला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था आहे, तिरुअनंतपुरमला श्री चित्रा संस्था आहे. दोन वर्षं बाहेर काढा आणि परत या. ‘आर’ या संख्याशास्त्राच्या संगणकप्रणालीत स्वतः विश्लेषण करता आलं पाहिजे. दुसऱ्याने काढून दिलेल्या तक्त्यावर सही करणारे संशोधक पुष्कळ आहेत. तिसरं, विकासात्मक बालरोगाची फेलोशिप. पीएचडी नंतर बघता येईल, घाई नको.

संमतीची बाजू पुस्तकात एका पानाची असते, गावात ती रोजची असते. आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे सात वर्षांपासून मुलाचा स्वतःचा होकार लागतो, बारापर्यंत तोंडी, पुढे लेखी. अठरा पूर्ण झाली की आईबापांची जुनी संमती संपते आणि ती व्यक्ती स्वतः सही करते, नाहीतर बाहेर पडते. पाळण्यातल्या बाळाच्या वेळी सही केलेल्या आईला हे तेव्हाच सांगून ठेवा. रक्ताबद्दल अफवा उठतातच. ‘बाटल्या भरून नेतात आणि विकतात’, असं प्रत्येक तालुक्यात कधी ना कधी ऐकू येतं. अशा वेळी माहितीपत्रकाचा उपयोग होत नाही. किती रक्त घेतलं ते चमच्याने पाण्यात मोजून दाखवायचं, अहवाल घरी नेऊन द्यायचा, आणि हिमोग्लोबिन कमी निघालं असेल तर लोहाचं औषध सुरू होईपर्यंत पाठ सोडायची नाही. तपासणीत मूल मागे आढळलं तर नुसतं नोंदवून परत येता येत नाही. मुलांच्या आरोग्य तपासणीची सरकारी आरबीएसके योजना 2013 पासून आहे, जिल्ह्याला लवकर उपचार केंद्राची सोय आहे, तिथे पाठवायचं. आणि मूल आजोळी, कोल्हापूर जिल्ह्यात असेल तर तिकडच्या केंद्रात कुणाला फोन करायचा, तो नंबर आधीपासून तुमच्या वहीत हवा. कारण आईला कागद देऊन ‘तिकडे जा’ म्हटलं तर ती जात नाही. मीही गेले नसते.

पोटाचं. मेडिकल कॉलेजातली शिकवण्याची नोकरी हा पाया ठेवा. पगार ठरलेला मिळतो आणि संशोधनाला नाव मिळतं. नुसत्या प्रकल्पावरच्या जागा कराराच्या असतात. निधी संपला की जागा संपते. त्यावर घराचे हप्ते बांधू नका. आयसीएमआरचे निधी आहेत, संशोधनाला निधी देणाऱ्या इंडिया अलायन्स या संस्थेच्या क्लिनिकल आणि पब्लिक हेल्थच्या फेलोशिप आहेत. परदेशी निधी असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या स्क्रीनिंग कमिटीची मंजुरी लागते, तो वेळ वेळापत्रकात धरा. घरचे म्हणतात ते क्लिनिक संध्याकाळी चालवायला हरकत नाही, नोकरीच्या नियमांत बसत असेल तर. उलट त्याने हात चालू राहतो आणि गावागावांत ओळखी होतात. पण खडेबाजारात क्लिनिक टाकलेल्या तुमच्या बॅचमेटइतके पैसे कधीच मिळणार नाहीत. हे घरच्यांना आजच सांगा, पाच वर्षांनी नको.

आता थेसिस. सिनॉप्सिस द्यायची वेळ आलीच असेल. रुग्णालयातल्या एखाद्या आजाराचा एका वेळचा आढावा घेण्यापेक्षा असा विषय घ्या की तीच मुलं पुढे पुन्हा बघता येतील. एनआयसीयूतून, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातून, घरी गेलेली कमी वजनाची बाळं घेता येतील. पहिलं वर्ष तुमच्या थेसिसमध्ये बसतं, पुढच्या भेटींची परवानगी एथिक्स कमिटीकडून सुरुवातीलाच मागून ठेवा. नंतर मागायची तर सगळे पत्ते पुन्हा शोधत फिरावं लागतं. बाळं थोडी घ्या, दोन्ही घरचे पत्ते घ्या. आणि फॉर्म छापायच्या आधी, गाइडना विचारून, तुमच्या तालुक्यातल्या एखाद्या अंगणवाडीत वजनाच्या दिवशी जाऊन बसा. ताईंबरोबर स्वतः मुलं वजन करा आणि मागच्या महिन्याच्या वहीशी ताडून बघा. जुळलं नाही तर ताईंना बोल लावू नका. त्यांना महिन्याला किती रजिस्टरं भरावी लागतात ते विचारा, आणि मग तुमचा फॉर्म किती पानांचा ठेवायचा ते ठरवा.